आधी तारा तपासा, मग विलंब मोजा

स्पीकरांचा आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोहोचावा म्हणून लावायच्या विलंबाच्या गणिताकडे वळण्यापूर्वी दोन्ही स्पीकरांच्या तारा धन-ऋण खुणांप्रमाणेच जोडल्या आहेत ना, हे आपण पाहावे. एकच जोड उलटी असली तरी खर्ज पातळ होतो आणि मधोमध वाटणारा गायक विरघळून जातो. ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) व वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) यांच्या ध्वनिकेंद्रांत, म्हणजे आवाज जिथून निघतो त्या बिंदूंत, पुढे-मागे ३ सेंटीमीटर अंतर असेल, तर ३००० हर्ट्झला, जिथे तरंगलांबी सुमारे ११.४ सेंटीमीटर असते, ते पाव तरंगाहून जरा जास्तच भरते. म्हणून माइक कानाच्या उंचीवर ठेवून ट्वीटरची पोलॅरिटी (धन-ऋण जोड) मुद्दाम उलटावी. क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे आवाज सोपवला जातो त्या वारंवारतेपाशी, मोजणीच्या आलेखात खोल, सममित खड्डा दिसला, तर मूळ जोडणीत दोघांच्या कला (फेज, म्हणजे तरंगांचे चढ-उतार) जुळत होत्या असे समजावे. लिंकविट्झ-रायली नावाच्या प्रकारातल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्रॉसओव्हर मंडलात (आवाज दोघांत वाटून देणाऱ्या मंडलात) ट्वीटर सहसा उलटाच जोडतात, तेव्हा पेटीतली ती तार ‘दुरुस्त’ करू नये (हा उद्योग मी केलेला आहे).