आधी वार ठरव, मग वक्ता

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. मुंबईतल्या सॉफ्टवेअर डेव्हलपर मंडळींचा ग्रुप काढायचाय, लोगो तयार आहे, फक्त पहिल्या मीटअपला कुठल्या बड्या कंपनीतला वक्ता बोलवावा हे ठरत नाही, असं म्हणतोस. वक्त्याचं नंतर बघू. वार कुठला आणि जागा स्टेशनपासून किती लांब, ते आधी सांग.

हसू नकोस. विषय बघून माणूस नाव नोंदवतो. यायचं की नाही ते लोकलवर ठरतं. रविवार घेऊच नकोस. मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक लागला की डोंबिवली-पनवेलची पोरं घरीच बसतात. शिवाय रविवारी कॉलेजचा हॉल उघडून घ्यायचा म्हणजे वेगळी परवानगी, वेगळी विनवणी. शनिवारी ऑफिस उघडं असतं, शिपाईमामा हजर असतात. दुसऱ्या शनिवारी बँकांना सुट्टी, म्हणजे तिथल्या आयटी विभागातले लोकही येऊ शकतात; पण काही कॉलेजं त्या दिवशी बंद असतात, तेवढं विचारून घे. एकदा शनिवार धरलास की तो सोडायचा नाही, दहाच माणसं आली तरी.

जागा दादर-माटुंग्याच्या पट्ट्यात मिळाली तर उत्तम, दोन्ही लाइनवाल्यांची सोय होते. नाहीतर घाटकोपर, २०१४ मध्ये मेट्रो आल्यापासून अंधेरीकडच्यांनाही ते जवळ झालंय. बीकेसीतलं काचेचं ऑफिस फुकट मिळतंय म्हणून भुलू नकोस. गेटवर आधार कार्ड दाखवा, लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरात लिहा, गळ्यात पास अडकवा, मग वरून कोणीतरी न्यायला येईपर्यंत सोफ्यावर बसा. अंबरनाथहून आलेला डिप्लोमाचा मुलगा तिथेच अर्धा गार होतो. आणि सहाच्या आत आटप. मुली येत नाहीत म्हणून ‘महिला विशेष’ सत्र ठेवायच्या आधी, विरार-बदलापूरला वेळेत पोचता येईल असं बघ.

फुकट कार्यक्रमाला नाव नोंदवलेल्यांतले निम्मे आले तरी नशीब समज. वडापाव त्या हिशेबाने सांग. कमी पडले तर कोपऱ्यावर गाडी आहेच.

आता वक्ता. पहिले काही महिने आपल्यातलेच उभे कर. वीस मिनिटं, विषय एकच: कामावर काय फुटलं आणि कसं सापडलं. स्लाइड इंग्रजीत असू देत, पण प्रश्न मराठीत-हिंदीत विचारायला तू स्वतः सुरुवात कर. एरवी ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हटल्यावर हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज येतो. पवईच्या आयआयटीने प्रोग्रामिंगची स्पोकन ट्युटोरियल्स मराठीतसुद्धा केली आहेत. मग आपल्याच हॉलमध्ये मराठीत शंका विचारायला संकोच कसला?

पैशाचं थोडक्यात: प्रायोजक खाण्याचं बिल देतो आणि मग भरतीची जाहिरात करायला अर्धा तास मागतो. दोन मिनिटं द्यायची, शेवटी. हिशेब ग्रुपवर टाकायचा, चहासकट.

खरं काम मात्र माणसं धरण्याचं आहे. गिरगावात केशवजी नाईक चाळीतला सार्वजनिक गणपती १८९३ पासून बसतोय. सुरू करणारे कधीच गेले. दर पिढीत खुर्च्या लावणारी नवी पोरं तयार झाली, म्हणून तो चालला. आपल्या धंद्यातलं बघायचं तर पायकॉन इंडिया ही पायथन प्रोग्रामिंग भाषेची परिषद घे. २००९ मध्ये बंगळुरूत पहिली भरली ती स्वयंसेवकांच्या जोरावर, आणि नंतर इतर शहरांतही गेली, कारण ती कुणा एकाची नव्हती. तेव्हा जो तिसऱ्यांदा येईल त्याचं नुसतं कौतुक करू नकोस, त्याच्या हातात काम दे. नावं टिपून घे म्हणावं, किंवा पुढच्या वेळचं सूत्रसंचालन कर. चुकेल, चुकू दे. ग्रुपचा मेल, त्याचा पासवर्ड, हॉलवाल्यांचा नंबर तुझ्या एकट्याच्या फोनमध्ये राहिला तर तुझी नोकरी पुण्याला गेली की ग्रुपही गेला.

प्राचार्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा पाठव, बघून देतो. ‘आपल्या विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत’ हे पहिल्याच परिच्छेदात येऊ दे, खाली दडवू नकोस. आणि हॉल बघायला जाशील तेव्हा प्रोजेक्टरची मागची बाजू बघ. अजून बऱ्याच ठिकाणी जुनं व्हीजीए पोर्टच आहे. कन्व्हर्टर माझ्याकडे आहे, घेऊन जा.

तुझा,
दादा