नकार देणाऱ्याच्याच तोंडून

प्रश्न : ‘द क्लॅश’ या ब्रिटिश रॉक बँडचे ‘स्ट्रेट टू हेल’ हे गाणे स्थलांतरितांच्या बाजूचे निषेधगीत म्हणून नावाजले जाते. मात्र ऐकताना त्यात स्थलांतरितालाच हाकलून लावलेले जाणवते, आणि गाण्याची लयही संथ आहे. मग त्याला निषेधगीत कसे म्हणायचे?

उत्तर : आपल्याला जे जाणवले ते बरोबर आहे, या गाण्यात स्थलांतरिताला खरोखरच हाकलले जाते. मात्र हाकलणारा आवाज गायकाचा स्वतःचा नाही. बँडचा गायक जो स्ट्रमर येथे नकार देणाऱ्यांची भाषा आपल्या तोंडी घेतो, तिला कोठेही प्रत्युत्तर देत नाही, आणि त्यामुळे ती भाषा तिच्या सगळ्या निर्दयपणासह आपल्याला शेवटपर्यंत ऐकून घ्यावी लागते.

हे गाणे मे १९८२ मध्ये आलेल्या ‘कॉम्बॅट रॉक’ या अल्बममधले आहे. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांपलीकडे गेली होती. ईशान्य इंग्लंडमधील कॉन्सेट गावाचा पोलाद कारखाना १९८० मध्येच बंद पडला होता. एप्रिल १९८१ मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आणि जुलैत लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथमध्ये दंगली उसळल्या. केवळ संशयावरून कृष्णवर्णीय तरुणांना अडवून झडती घेण्याची पोलिसांची पद्धत हे त्यामागचे एक मोठे कारण होते. त्याच वर्षी संमत झालेल्या राष्ट्रीयत्व कायद्याने, ब्रिटनमध्ये जन्म झाला एवढ्यावरून नागरिकत्व मिळण्याची जुनी तरतूद रद्द केली. गाण्याच्या पहिल्या कडव्यात गंजत चाललेले पोलाद कारखाने आहेत आणि बाहेरून आलेल्या माणसाला ब्रिटिश नाचाची धून वाजवून दाखवण्याची फर्माईश आहे. पाठोपाठ, तुमची येथे गरज नाही, असे सांगून दार बंद केले जाते. हा नकार बेकार झालेल्या स्थानिक कामगारालाही तितकाच लागू पडतो, हे मला या कडव्याचे सर्वात मोठे बळ वाटते, कारण ज्या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे केले जात होते त्यांना एकच वाक्य ऐकावे लागते.

दुसरे कडवे व्हिएतनाममध्ये घडते. अमेरिकी सैनिक आणि व्हिएतनामी स्त्री यांच्यापासून झालेले मूल आईवडिलांचा फोटो दाखवून, मला घरी घेऊन चला, अशी विनवणी करते, आणि त्याला तुझी जागा येथेच आहे असे सुनावले जाते. हे मूल आपला देश सोडून कोठेही गेलेले नाही, सैन्यच त्याच्या देशात येऊन परत गेले आहे. तरीही परका ठरते ते तेच. अशी मुले हजारोंच्या संख्येने मागे राहिली होती, आणि त्यांना अमेरिकेत येऊ देणारा प्रभावी कायदा तेथील संसदेने (काँग्रेसने) १९८७ च्या अखेरीस, म्हणजे गाण्यानंतर पाच वर्षांनी, संमत केला. पुढे न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतून जात गाणे जगातल्या कोणत्याही सीमेपर्यंत पोहोचते.

संथ लयीबद्दलचा आपला प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. याच बँडचे १९७७ मधले ‘व्हाइट रायट’ (गोऱ्यांची दंगल) अतिशय वेगवान होते. १९७६ च्या नॉटिंग हिल कार्निव्हलमधील दंगल पाहून लिहिलेल्या त्या गाण्यात, कृष्णवर्णीयांप्रमाणे गोऱ्या तरुणांनीही अन्यायाविरुद्ध उभे राहावे असे आवाहन होते. परंतु काहींनी नाव वाचून त्याचा नेमका उलटा, वर्णद्वेषी अर्थ लावला. वस्तुतः ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये झालेल्या वर्णद्वेषविरोधी मैफलीत हा बँड स्वतः वाजवत होता. ‘स्ट्रेट टू हेल’मध्ये आरोळी नाही. टॉपर हेडनचे ड्रम बोसा नोव्हा या संथ ब्राझिली शैलीच्या अंगाने मागे वाजत राहतात, आणि आवाज चढत नसल्यामुळे शब्दांपासून लक्ष हटवायला आपल्याला जागा उरत नाही.

या गाण्याची सुरुवातीची धून एम. आय. ए. या गायिकेने २००७ मधल्या ‘पेपर प्लेन्स’मध्ये वापरली. ती स्वतः श्रीलंकेच्या तमिळ कुटुंबातली, निर्वासित म्हणून लंडनला परतलेली. तिच्या गाण्यात तोच स्थलांतरित उलट बोलू लागतो. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत. शक्य असल्यास ‘स्ट्रेट टू हेल’ची जवळजवळ सात मिनिटांची मूळ आवृत्ती निवडावी, अल्बमसाठी ती दीड मिनिटाने कापली गेली होती, आणि १९९१ च्या ‘क्लॅश ऑन ब्रॉडवे’ या संग्रहात ती पूर्ण मिळते.