इंग्रजीतली 'गर्ल' नेमकी किती वयापर्यंत?

तुमचा प्रश्न असा की, 'गर्ल' कुणाला म्हणायचं, 'वुमन' कुणाला, आणि बंगळुरूच्या ऑफिसात टीममधल्या बायकांना 'डिअर गर्ल्स' असा मेल टाकल्यावर एक सीनियर मॅडम का नाराज झाल्या. तुम्ही निपाणीचे, मी बेळगावला टिळकवाडीत स्पोकन इंग्लिश शिकवते, त्यामुळं हा घोळ कुठनं येतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

डिक्शनरीतलं आधी उरकून टाकते. लहान मुलगी, तरुणी, लेक, प्रेयसी, मैत्रीण, पूर्वीच्या काळी घरकामाची मोलकरीण, एवढे सगळे अर्थ या एका शब्दात आहेत. वयाची रेघ शोधायला जाल तर कायदाही उपयोगी पडत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १० मध्ये कुठल्याही वयाची स्त्री म्हणजे 'वुमन'च होती, आणि २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही तसंच ठेवलंय. म्हणजे कायद्यापुढं पाळण्यातली पोरही 'वुमन', आणि तिकडं साठीतल्या चार इंग्रज बायका सिनेमाला निघाल्या की त्या स्वतःला 'द गर्ल्स' म्हणवून घेणार.

शब्दाचा इतिहास तर आणखी मजेशीर आहे. साधारण १३०० च्या सुमाराला इंग्रजीत 'गर्ल' म्हणजे कुठलंही पोर, मग तो मुलगा असो की मुलगी. मुलगाच सांगायचा असेल तर 'नेव्ह गर्ल' असं जोडून म्हणत. पुढं तो मुलींपुरता उरला. आपल्या 'लेक'चं अजून तसंच चाललंय, तो लेक आणि ती लेक. खानापूरच्या पलीकडं कोकणी बोलणाऱ्यांत तर लहान मुलगी नपुंसकलिंगीच असते, 'तें चेडूं आयलें'.

आता तुमच्या मेलकडं येते. आपण सीमाभागातली माणसं दोन भाषांत विचार करतो आणि तिसरीत लिहितो. बसमध्ये कंडक्टर कानडीत ओरडतो, 'हेण्मक्कळु मुंद बर्री', म्हणजे बायकांनी पुढं या, आणि सत्तरीची आजीही पिशवी सावरत पुढं सरकते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाल्यापासून तर हे जास्तच ऐकू येतं. शब्द फोडला तर 'हेण्णु' म्हणजे स्त्री आणि 'मक्कळु' म्हणजे पोरं. पण उत्तर कर्नाटकात तो कुठल्याही वयाच्या बाईला चालतो, आणि अदबीनं चालतो. मराठीत 'आमच्या लेकीबाळी' म्हणतानाही कुणाचं वय कुणी विचारत नाही. हीच माया तुमच्या मनात 'गर्ल्स' लिहिताना असणार. ती इंग्रजीत उतरत नाही.

का उतरत नाही, तर इंग्रजीत 'गर्ल' आणि 'बॉय' हे दोन्ही शब्द वरून खाली वापरले गेले. साहेबाच्या काळात बंगल्यावरच्या मिशा पिकलेल्या नोकराला 'बॉय' अशीच हाक असायची. आपल्या चहाच्या हॉटेलातला 'पोऱ्या' चाळिशीचा असला तरी पोऱ्याच राहतो, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेत गोरे लोक मोठ्या वयाच्या काळ्या पुरुषाला 'बॉय' आणि बाईला 'गर्ल' म्हणत, आणि त्यात अपमान ठासून भरलेला असे. त्याच काळ्या बायका एकमेकींना 'गर्ल' म्हणतात तेव्हा मात्र ती जिवाभावाची हाक असते, आपल्या 'अगं बाई'सारखी. शब्द एकच, पण म्हणणारं कोण त्यावर त्याची किंमत ठरते. टायपिस्ट आणि सेक्रेटरी बायकांना 'ऑफिस गर्ल' म्हणण्यावर १९७० च्या दशकात तिकडच्या स्त्रीवाद्यांनी आक्षेप घेतला तो यामुळंच. पस्तीस वर्षांच्या पुरुषाला तुम्ही मॅनेजर म्हणता, मग त्याच वयाची बाई अजून पोरगीच कशी?

थोडा दोष इंग्रजीचाही आहे. पुरुषांसाठी 'बॉय' आणि 'मॅन' यांच्या मधे 'गाय' हा सैलसर शब्द आहे (आपल्या गोठ्यातल्या गायीशी संबंध नाही, क्लासमध्ये दरवेळी हशा होतो). बायकांसाठी तसा मधला शब्द नाही. 'गॅल' आहे, पण आता तो जुनाट वाटतो. मग 'वुमन' फारच भारदस्त वाटलं की माणूस 'गर्ल'वर घसरतो. तुमचंही तेच झालं असणार.

आपल्या लोकांची आणखी एक हमखास चूक सांगते. 'ही माझी मुलगी' याचं 'शी इज माय गर्ल' करू नका. लहान मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात तर ठीक, पण कॉलेजातल्या मुलीची ओळख अशी करून दिलीत तर ऐकणारा भलताच अर्थ काढेल. सरळ 'डॉटर' म्हणा. 'आय हॅव टू गर्ल्स' म्हणजे मला दोन मुली, ते बरोबर आहे. आणि स्थळं बघताना 'गर्ल्स साइड' लिहितात ते फक्त आपल्या देशात कळतं. आपल्याकडं बत्तीस वर्षांची इंजिनिअरही लग्न ठरेपर्यंत 'मुलगी'च असते. ब्रिटिश माणसाला तिथं 'ब्राइड्स फॅमिली' सांगावं लागतं.

'ओल्ड गर्ल' दिसलं तर म्हातारी पोरगी समजू नका, शाळेच्या माजी विद्यार्थिनीला तसं म्हणतात. जुन्या लाडक्या गाडीलाही म्हणतात. 'कॉल गर्ल'मध्ये फोन करणारी कुणी नसते, तो वेश्याव्यवसायातला शब्द आहे, चुकूनही कॉल सेंटरच्या मुलीला लावू नका. 'गर्ल चाइल्ड' हा शब्द आपल्याला विचित्र वाटतो, पण सरकारी भाषेत तो रुळलाय. संयुक्त राष्ट्रांचा ११ ऑक्टोबरचा दिवस आणि आपला २४ जानेवारीचा, दोन्ही त्याच नावाचे.

राहिला मेल. दोन-तीन जणी असतील तर सरळ नावं लिहा, जास्त असतील तर 'डिअर ऑल' किंवा 'हॅलो टीम'. पुरुषांना मेल टाकताना तुम्ही 'डिअर बॉइज' लिहिलं असतं का, एवढं स्वतःला विचारलंत तरी पुरे. त्या मॅडमना लांबलचक माफीनामा पाठवू नका, अवघडल्यासारखं होतं. पुढचा मेल नीट गेला की त्यांना कळेल. आणि 'गर्ल्स' खोडून तिथं 'लेडीज' लिहायचा मोह होईल. समारंभात माइकवर तो चालतो. पण पाच जणींच्या टीमला सोमवारी सकाळी रिपोर्ट मागताना 'डिअर लेडीज' लिहिलंत तर हळदीकुंकवाचं आमंत्रण आल्यासारखं वाटेल.