वाचकांचे प्रश्न : पुंगळी नरम करायला कोणता गॅस?

प्रश्न : मी टेक्सासमध्ये राहतो. रेंजवर .308 विंचेस्टर रायफलने नेमबाजी करतो आणि काडतुसांच्या त्याच रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरून वापरतो. पाच-सहा वेळा भरल्या की तोंडाशी उभ्या चिरा जातात. आता त्या तापवून नरम कराव्यात म्हणतो. दुकानात निळ्या बाटलीत प्रोपेन आहे, पिवळ्या बाटलीत मॅप-प्रो आहे, आणि घरात स्वयंपाकाचा छोटा ब्युटेन टॉर्च आहे. काय वापरू?

उत्तर : प्रोपेन. दुकानदार ‘जास्त गरम ज्योत’ म्हणून पिवळी बाटली पुढे करील, पण या कामात ज्योत किती गरम यापेक्षा ती पहिल्या पुंगळीला आणि शंभराव्या पुंगळीला सारखी लागते का, हे महत्त्वाचं.

पुंगळीचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. बार उडाला की मान, म्हणजे तोंडाकडचा अरुंद भाग, फुगते, साच्यात दाबली की पुन्हा आवळते. या ओढाताणीत पितळ कडक होत जातं आणि शेवटी तडकतं. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकताना ते मध्येच भट्टीत घालून नरम करून घेतात, त्यामागचं कारण हेच. फरक इतकाच की भांडं सगळं तापवलं तरी चालतं. पुंगळीची मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा तेवढा नरम करायचा, बूड कडकच राहायला हवं. .308 मध्ये बार उडताना दाब 62,000 पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पौंड) जाऊ शकतो आणि तो बुडाने पेलायचा असतो. नरम बूड फाटलं तर तापलेला वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

हवेत जळताना प्रोपेनची ज्योत सुमारे 1,980 अंश सेल्सिअसला पोचते, मॅप-प्रोची साधारण 2,050 ला. दोन्ही ज्योती पितळ वितळवण्याइतक्या गरम आहेतच, तेव्हा वरच्या सत्तर अंशांचं अप्रूप नको. मॅप-प्रोचा टॉर्च उष्णता भराभर ओततो, म्हणून वेळ कमी लागतो, आणि तिथेच चूक होते. सात सेकंदांच्या कामात एक सेकंद जास्त गेला तर निभावतं, तीन सेकंदांच्या कामात नाही. मशीनवर वेळ पक्की बांधलेली असेल आणि पुंगळ्या जाड, मोठ्या असतील तर मॅप-प्रो जरूर वापरा. (जुना खरा मॅप गॅस अमेरिकेत 2008 पासून बनत नाही. आताच्या पिवळ्या बाटलीत मुख्यतः प्रोपिलीन असतं.)

ब्युटेन उकळतो उणे अर्ध्या अंशाला, प्रोपेन उणे 42 ला. बाटलीतला गॅस वापरला जातो तशी बाटली गार पडते. ब्युटेनचा दाब लगेच बसतो आणि विसाव्या पुंगळीला ज्योत पहिल्यापेक्षा आखूड झालेली दिसते. थंडीत गॅरेजमध्ये तर विचारूच नका. प्रोपेनची बाटलीही गार पडते, पण तिच्यातला दाब पुरेसा टिकतो. गॅसचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर असलेला टॉर्च घ्या. बाटली आडवी-उलटी करू नका, द्रव गॅस तोंडाशी आला की ज्योत भडकते.

वेळ अशी बसवा. प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) काढलेल्या, धुऊन वाळवलेल्या पाच-सहा टाकाऊ पुंगळ्या घ्या. तापमान दाखवणारं लॅकर मिळतं, ते ठरावीक तापमानाला वितळतं. 750 फॅरनहाइटचं मानेच्या आत लावा, कारण बाहेर लावलं तर ज्योतच त्याला जाळते. 475 चं खांद्याखाली पाव इंचावर बाहेरून लावा. दोन्ही वाळू द्या. पुंगळी ड्रिलला लावलेल्या सॉकेटमध्ये सैल बसवून सावकाश फिरवा. ज्योतीतल्या आतल्या निळ्या सुळक्याचं टोक मान आणि खांदा जिथे जुळतात तिथून पाव इंच दूर ठेवा. आतलं लॅकर वितळताच पुंगळी खाली टाका आणि तेवढे सेकंद लिहून ठेवा. प्रोपेनवर हे बहुधा 6 ते 8 सेकंदांत होतं. खालचं लॅकर वितळलं असेल तर उष्णता फार खाली गेली. मग ज्योत थोडी मोठी करा आणि वेळ कमी करा. मंद ज्योतीवर जास्त वेळ धरणं हे सुरक्षित वाटतं, पण तसं नाही. सावकाश तापवलं की उष्णता बुडाकडे सरकायला सवड मिळते.

अंधारात मान जेमतेम तांबूस दिसू लागली की बास. ज्योतीचा रंग नारिंगी झाला किंवा मान लालभडक झाली तर ती पुंगळी बाद. पक्कडीने तोंड चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून परत हाताशी येणार नाही. कंपनी बदलली की भिंतीची जाडी बदलते, म्हणून वेळ नव्याने बसवा. खोलीची दारं-खिडक्या उघडी हवीत आणि बारूद दुसऱ्या खोलीत.

प्रश्न : एकेक करण्यापेक्षा ओव्हनमध्ये सगळ्या एकदम तापवल्या तर? आणि पाण्यात टाकायलाच हव्यात का?

उत्तर : ओव्हन अजिबात नको, त्यात बूडही मानेइतकंच तापतं. पाणी ऐच्छिक. पितळ पोलादासारखं पाण्याने कडक होत नाही. पाण्यामुळे उष्णता खाली सरकायची थांबते, एवढाच फायदा. वेळ नीट बसवली असेल तर ओल्या फडक्यावर टाकल्या तरी चालतं आणि वाळवायचा त्रास वाचतो.

प्रश्न : मानेवर निळसर-तपकिरी पट्टा उरतो. घरात पितळेची भांडी चमकवायचं द्रावण आहे, त्याने घासू का?

उत्तर : पट्टा निरुपद्रवी आहे. सैन्याच्या काडतुसांवर तो तसाच ठेवलेला दिसतो. द्रावणात अमोनिया असेल तर मात्र हात लावू नका. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये काडतुसं साठवत, आणि पावसाळा सरेपर्यंत त्यांच्या पितळेला आपोआप भेगा पडलेल्या असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत घडणीच्या वेळी अडकून राहिलेला ताण, असं तिहेरी कारण होतं. उलगडा 1921 मध्ये झाला. तापवल्याने मानेतला ताण जातो, पण बुडाकडचा तसाच असतो, म्हणून धोका आजही आहे. आधीच त्या द्रावणाने घासलेल्या पुंगळ्या असतील तर प्रत्येक पुंगळी भिंगाखाली फिरवून पाहा. केसाएवढी चीर दिसली तरी ती भरू नका.