दुनळी घेताय? आधी तोंड बघा

भाऊ, सगळ्यात आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. मग थेट नळ्यांचं तोंड, म्हणजे पुढचं टोक बघा. जुन्या इंग्रजी दुनळीच्या नळ्या तोंडाशी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात. मध्ये फट असेल आणि ती राखाडी डाखाने बुजवलेली असेल, तर नळ्या कापल्यात असंच मी धरतो. नुसत्या लांबीवर जाऊ नका. ३० इंची कापून नीट २८ करणारे आहेत. नळ्यांच्या बुडाखालचे प्रूफचे, म्हणजे बंदुकीच्या चाचणीचे शिक्केही वाचा. तिथे ‘चोक’ (तोंडाशी नळी आत आवळलेली असणं) असा ठसा आहे आणि तोंड मात्र आत जराही आवळलेलं नाही? मग पुढचा तुकडा गेलाय, नाहीतर चोक आतून घासून काढलाय. माशी, म्हणजे नेम धरायचा तोंडावरचा मणी, नवी वाटली, तर तीही नीट तपासा.