बसऱ्यात आपलं काय होतं?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल तीनदा वाचला. इराक युद्धाला प्रश्न विचारणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या घरच्यांवर तू प्रबंध लिहितेयस, पुढच्या महिन्यात पहिल्या मुलाखती आहेत, आणि विचारतेयस, "बाई, सुरुवात कुठून करू?" सोबतची प्रश्नावली मेहनतीने केलेली दिसते. पण त्यातला पहिलाच प्रश्न काढून टाक. "तुम्ही युद्धाच्या विरोधात कधी गेलात?" असं विचारलंस, की समोरची आई शंभर वेळा माइकसमोर सांगितलेलंच तुला पुन्हा सांगेल.

आधी आमच्या घरातलं एक सांगते. मुलांना मी हे वर्गात कधी सांगितलं नाही.

माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको आमच्यातच राहायची. आम्ही तिला थोरली आजी म्हणायचो. तिचा नवरा पलटणीत होता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या पलटणी होत्या. ११७ मधला हा माणूस नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे सलमान पाकच्या लढाईत पडला. उरलेलं सैन्य मागे हटून कूत गावात अडकलं, १४७ दिवस वेढ्यात राहिलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं. यातलं काहीही आमच्या गावात कळलं नव्हतं. बसऱ्याला, इराकमधल्या बंदराला, गेला आणि आला नाही, एवढंच घराला ठाऊक. थोरली आजी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती.

युद्धानंतर सरकारने मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्राँझची एक गोल तबकडी पाठवली. तळहातापेक्षा जरा मोठी. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली एक बाई आणि पायाशी सिंह. ती ब्रिटानिया, इंग्रजांची प्रतिमा. थोरल्या आजीला ती भवानीच वाटली, दुसरं काय वाटणार? तिने ती देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज हळद लावून फूल वाहिलं. पन्नासेक वर्षांत अक्षरांच्या खाचांत हळद इतकी साचली होती, की तिथं काही लिहिलेलं आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं.

मी नुकती इंग्रजी वाचायला लागले होते. दिवाळीच्या आधी देव घासायला बसले. चिंचेने घासता घासता चौकटीतलं नाव वर आलं, मग कडेची ओळ. मी नाव मोठ्याने वाचलं. ते नाव तिने उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. ती चुलीजवळून उठून आली. मी ओळीचा अर्थ सांगितला, तो स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी मेला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बसऱ्यात आपलं काय हुतं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने तबकडी पदराने पुसली आणि परत देवांच्या ओळीत ठेवली.

प्रश्न विचारून झाल्यावर तिने तबकडी अडगळीत टाकली नाही आणि देव्हाऱ्यात ठेवली म्हणून प्रश्नही मागे घेतला नाही. तू ज्यांच्याकडे निघालीयस त्या घरांतही असंच असणार. भिंतीवर गणवेशातला फोटो असेल, दारात झेंडा असेल, आणि त्याच घरातली बाई वॉशिंग्टनला फलक घेऊन गेलेली असेल. यात विसंगती शोधायला जाऊ नकोस. युद्धाच्या बाजूचे म्हणायचे, झेंडा आहे तर गप्प बसा. विरोधकांतले काही म्हणायचे, विरोध आहे तर झेंडा कशाला? दोघांनाही ती घरं कळली नाहीत.

सिंडी शीहानचं तुला माहीत आहेच. तिचा मुलगा केसी सैन्यात गाड्यांचा मेकॅनिक होता. ४ एप्रिल २००४ ला बगदादच्या सद्र सिटीत तो मारला गेला, वय २४. अध्यक्ष बुश म्हणाले की हे सैनिक उदात्त ध्येयासाठी गेले, तेव्हा ते ध्येय कोणतं एवढं विचारायला ती ६ ऑगस्ट २००५ ला टेक्सासमधल्या क्रॉफर्डला त्यांच्या रँचच्या रस्त्यावर जाऊन बसली. भर उन्हाळ्यात, रस्त्याकडेच्या चरात. लोकांनी तिला पुढे संत केलं, देशद्रोही केलं, वेडी केलं. मला मात्र तो प्रश्न ओळखीचा वाटला. आमच्या चुलीपुढे ऐकलेला.

पण तिच्यापाशीच थांबू नकोस. 'मिलिटरी फॅमिलीज स्पीक आउट' ही इराक युद्धाला विरोध करणाऱ्या सैनिकांच्या घरच्यांची संघटना नोव्हेंबर २००२ मध्ये सुरू झाली, म्हणजे बगदादवर पहिला बॉम्ब पडायच्या चार महिने आधी. त्यांच्या घरचं कुणी तेव्हा या युद्धात मेलेलं नव्हतं. म्हणून "दुःखाने भान सुटलं, म्हणून विरोध केला" हे जे सहानुभूतीच्या सुरात म्हटलं जातं, ते तारखांपुढे टिकत नाही. सैनिकाच्या घरात युद्धाचा विचार इतरांच्या आधी सुरू होतो, कारण बॅग त्यांच्याच घरात भरली जाते.

म्हणून सुरुवात बॅगेपासून कर. काय काय भरून दिलंत, असं विचार. युद्धाच्या पहिल्या वर्षी कित्येक आईबापांनी स्वतःच्या पैशाने चिलखती जाकिटं विकत घेऊन मुलांना पाठवली, कारण सैन्याकडे ती पुरेशी नव्हती. जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्यातल्या मुलासाठी बापाने दुकानात जाऊन जाकीट शोधायचं! बऱ्याच घरांत शंकेची पहिली ठिणगी तिथं पडली असेल. ज्या महासंहारक शस्त्रांचं कारण पुढे करून युद्ध झालं ती सापडली नाहीत, हे नंतर आलं.

आता एक जड गोष्ट. श्रीलंकेत आपली शांतिसेना होती तेव्हा मी एका दैनिकात बातमीदार होते. १९८७ ते १९९० या काळात आपले अकराशेहून अधिक जवान तिथं मारले गेले. आपलं सैन्य कराराने गेलं होतं, इराकसारखी चढाई नव्हती, हा फरक मी विसरत नाही. एका जवानाच्या घरी मला पाठवलं होतं. अंगणात माणसं बसलेली. मी वडिलांना विचारलं, अभिमान वाटतो ना? ते हो म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "पण तिथं भांडण कुणाचं होतं, बाई? आमच्या पोराला तरी कुणी सांगितलं होतं का?" मी पहिलं वाक्य छापायला दिलं आणि दुसरं गाळलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच गाळलं, त्यांना त्रास होईल असं स्वतःला समजावत. आठवड्याने त्यांचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी होत्या, मी जे बोललो त्यातलं अर्धं कुठं गेलं? ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

तू अर्धं गाळू नकोस. कोणतंच अर्धं.

क्रॉफर्डला मेलेल्या सैनिकांच्या नावाचे पांढरे क्रूस रोवले होते. एक बाप आला आणि आपल्या मुलाच्या नावाचा क्रूस उपटून घेऊन गेला. माझ्या मुलाचं नाव तुमच्या आंदोलनात नको, म्हणाला. त्या बापाकडेही जायला हवं. नाव कुणाचं, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. सैनिकांच्या रिकाम्या बुटांचं जे प्रदर्शन अमेरिकेत गावोगाव फिरलं, त्यातूनही काही घरांनी नावाच्या चिठ्ठ्या काढून घ्यायला लावल्या. आणि त्याच प्रदर्शनात इराकी नागरिकांसाठी साधे जोडे ठेवलेले असत, त्यांत लहान मुलांचेही. इराकमध्ये लाखाहून अधिक सामान्य माणसं गेली, त्यांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला माहीत नाहीत. एक तरी इराकी कुटुंब शोध. त्याशिवाय प्रबंध पुरा करू नकोस, हे मी मार्गदर्शक म्हणून नाही, हट्टाने सांगतेय.

बसऱ्याला एक स्मारक आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांच्या कबरी सापडत नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं. गोऱ्या सैनिकांची नावं दगडावर कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. थोरल्या आजीचा नवरा तिथं त्या आकड्यात आहे. २००३ मध्ये अमेरिकेने भारताकडे इराकसाठी एक डिव्हिजन मागितली होती. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय नाही, असं वाजपेयी सरकारने १४ जुलैला ठरवलं. ती बातमी वाचताना मला रडू आलं होतं. घरात कुणालाच कळेना का.

सैनिकांशी बोलशील तेव्हा कान वेगळे लाव. मार्च २००८ मध्ये मेरीलँडला इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्यांनी चार दिवस जाहीर साक्षी दिल्या, चौक्यांवर आणि घराघरांच्या झडत्यांत आपल्या हातून काय झालं ते सांगितलं. आयोजकांनी प्रत्येकाची सेवेची कागदपत्रं आधी तपासली होती. व्हिएतनामच्या सैनिकांनी १९७१ मध्ये डेट्रॉइटला अशाच साक्षी दिल्या, तेव्हा त्यांना खोटं ठरवायचा फार प्रयत्न झाला होता, तो अनुभव गाठीशी होता. तूही तुकडी, तारीख, ठिकाण ताडून बघ. तो तुझ्या विश्वासाचा अपमान नाही, त्याच्या शब्दाची राखण आहे. आणि रात्री नऊनंतर अशी मुलाखत घेऊ नकोस. तू निघून गेल्यावर त्याला झोपायचं असतं.

पक्षांपासून मात्र सांभाळ. बुशना प्रश्न विचारत होती तोवर सिंडी शीहान विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातल्या ज्यांना हवी होती, त्यांनाच तिने तेच प्रश्न विचारले तेव्हा ती नकोशी झाली. मे २००७ मध्ये ती थकून बाजूला झाली. तुझ्या प्रबंधातली वाक्यंही लोक दोन्हीकडून उचलतील. इतकं पूर्ण लिही, की तुकडा तोडताना त्यांना कष्ट पडावेत.

तबकडीचा फोटो सोबत पाठवतेय. नावाच्या चौकटीवर मी बोट ठेवलंय, ते मुद्दाम. तबकडी आता गावी धाकट्या चुलतभावाकडे असते, त्याच्याच देव्हाऱ्यात. नाव वापरायचं असेल तर आधी त्याला फोन करून विचार. सकाळी पूजा आटोपते नऊपर्यंत, त्यानंतर कर.

तुझी,
बाई