सासूबाईंनी लेकरू तोडलं नाही, सांभाळलं

टोरांटोहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या १६ वर्षांच्या लेकराने थंडीत घरात सांगितलं, ‘मी मुलगा नाही, मुलगीही नाही. नॉन-बायनरी आहे.’ आदळआपट झाली, बाबांनी बोलणं टाकलं. जूनअखेर शाळा संपली, तसं ‘आजीला भेटून ये’ म्हणून एकट्यालाच नाशिकच्या विमानात बसवलं. इंदिरानगरला एका नातेवाइकाने ‘असल्यांना सरळ करणारा’ डॉक्टर आधीच गाठून ठेवला होता. सासूबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं, नातवंडाला हवे तसे केस कापून आणले आणि सुनेला कळवलं, ‘आहे तसं राहू दे माझ्याकडे.’ आता सप्टेंबरची शाळा तोंडावर आली, लेकरू परत यायला तयार नाही. ‘सासूबाईंनी आमचं मूल तोडलं,’ असं ताई लिहितात.

ताई, स्पष्टच लिहिते. तुटायचं ते तुम्ही थाप मारून तिकीट काढलंत तेव्हाच तुटलं. सासूबाईंनी तर तुम्हाला मोठ्या भानगडीतून वाचवलंय. कॅनडात ७ जानेवारी २०२२ पासून असे ‘उपचार’ करवणं गुन्हा आहे, आणि त्यासाठी अल्पवयीन मुलाला देशाबाहेर नेणं हाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. इथेही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय. ‘तिकडे राहून डोक्यात खूळ शिरलं’ हेही सोडा. आपली लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची, हे आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलंय.

आता फोन करा. तुमच्याकडे सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा. आजी-नातवंड दोघंही घरात सापडतील. शाळेचा विषय काढू नका. ‘तुला फसवून पाठवलं, आमचं चुकलं’ एवढंच म्हणा आणि पुढे ‘पण’ लावू नका. तुमच्या ह्यांनी स्वतः बोलायला हवं. अबोला त्यांनी धरला, तर त्यांची माफी तुमच्या तोंडून चालणार नाही. जीभ रेटत नसेल तर दोन ओळी लिहून पाठवू देत.

‘आलास’ म्हणायचं की ‘आलीस’, हे लेकरालाच विचारा. सवयीने चुकाल. सुधारा आणि पुढे बोला; तिथे रडत बसलात की लेकरालाच तुमची समजूत काढावी लागते. गणपतीला नातेवाईक जमतील, तेव्हा कोणाला काय सांगायचं हेही त्यालाच ठरवू द्या. फॅमिली ग्रुपवर परस्पर काही टाकू नका.

जगणं नको झाल्याचं लेकरू कधी बोललं, तर ती धमकी समजू नका. इथे टेली-मानस, १४४१६, मराठीत बोलता येतं. तिकडे किड्स हेल्प फोन, १-८००-६६८-६८६८. तुमच्यासारख्या आईबापांसाठी पीएफलॅग कॅनडा आहे, त्यांच्याशी दोघांनीही बोला.

परतीचं तिकीट लेकराने ‘हो’ म्हटल्यावरच काढा. शाळेचे चार आठवडे बुडाले तर भरून निघतील. आणि न्यायला तुमच्यापैकी एकाने नाशिकला या, पुन्हा एकट्याला विमानात बसवू नका. सासूबाई दोन शब्द सुनावतील. ऐकून घ्या.